इन्सुलिनचं पेन फ्रिजमध्ये नेमकं कुठे, आणि प्रवासात कसं?

उन्हाळा लागला की मेडिकलच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. "भाऊ, रात्रभर लाइट नव्हती. इन्सुलिन फेकून द्यावं लागेल का?" विचारणाऱ्याच्या हातात पिशवी असते, पिशवीत गोठून दगड झालेली पाण्याची बाटली, आणि त्या बाटलीला रबरबँडनं घट्ट बांधलेलं इन्सुलिन टोचायचं पेन. फ्रिज रात्रभर बंद राहिल्यानं त्या पेनचं बहुधा काहीही बिघडलेलं नसतं. धोका होता तो घरापासून दुकानापर्यंतच्या वाटेत, त्या बाटलीचा.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण उन्हाला जरा जास्त घाबरतो आणि बर्फाला अजिबात घाबरत नाही. ही औषधं गरमीत हळूहळू झिजतात, आणि किती दिवसांत झिजतील हे कंपनीनं मोजून पेटीतल्या पत्रकात छापलेलं असतं. एकदा गोठलं की मात्र ते औषध त्याच दिवशी संपलं. तरीही विदर्भात, मराठवाड्यात लोक इन्सुलिन सर्रास फ्रीझरखालच्या ट्रेमध्ये ठेवतात, कारण "तिथं जास्त थंड असतं ना."

ही औषधं इतकी नाजूक का, ते आधी बघू. इन्सुलिन, वजन आणि शुगरसाठी हल्ली गाजत असलेली सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड, हाडं ठिसूळ झालेल्यांना देतात ते टेरिपॅराटाइड, ही सगळी एकाच घराण्यातली. अमिनो आम्लं एकापुढे एक जोडून झालेल्या या साखळ्या. सेमाग्लुटाइडमध्ये ३१ अमिनो आम्लं, टेरिपॅराटाइडमध्ये ३४, टिर्झेपाटाइडमध्ये ३९. इन्सुलिनमध्ये ५१, तीही २१ आणि ३० अशा दोन साखळ्यांत विभागलेली. लहान साखळीला पेप्टाइड म्हणतात, लांबलचक झाली की प्रथिन. इन्सुलिन या दोन्हींच्या सीमेवर बसतं. डाळीतलं प्रथिन आणि हे औषध यांत पोटाला काही फरक कळत नाही, ते दोन्ही सारखंच पचवून टाकतं. म्हणून सुई. (सेमाग्लुटाइडची गोळीही निघाली आहे, पण ती पोटातून शोषली जावी म्हणून तिच्यात एक वेगळं रसायन घालावं लागतं. ती गोळी फ्रिजमध्ये ठेवायची नसते, आणि आठवड्याच्या डबीत काढून ठेवायचीही नसते. तिला ओल चालत नाही, म्हणून ती पट्टीतच बरी.)

साखळी शरीरात काम करते ती तिच्या विशिष्ट घडीमुळे. ती घडी उलगडली की साखळ्या एकमेकींना चिकटतात, त्यांचे तंतू होतात, आणि ते औषध शरीराच्या उपयोगाचं राहत नाही. फाटलेलं दूध गार केलं म्हणून पुन्हा सांधत नाही, तसंच हे. उष्णतेनं ही चिकटाचिकट वाढते, शिवाय साखळीतल्या काही अमिनो आम्लांत हळूहळू रासायनिक बदल होत जातात. तापमान जितकं वर, तितका त्यांचा वेग जास्त. जोरजोरात हलवल्यानंही घडी बिघडते, कारण हलवताना औषध आणि हवेचा बुडबुडा जिथे भेटतात त्या पृष्ठभागावर साखळ्या उलगडतात. ऊन थेट पडलं तर प्रकाशाचा त्रास वेगळाच.

गोठण्याची गोष्ट अशी, की पाणी गोठताना ते शुद्ध पाणी म्हणूनच गोठतं. त्यात विरघळलेलं सगळं, म्हणजे औषध, मीठ, टिकवण्यासाठी घातलेलं फिनॉल किंवा क्रेसॉल, हे उरलेल्या थोड्याशा द्रवात कोंडलं जातं. तिथल्या दाटीत आणि बर्फाच्या कणांच्या धारेवर साखळ्या एकत्र येऊन गोळा होतात. दुधी दिसणाऱ्या इन्सुलिनमध्ये, म्हणजे एनपीएच किंवा ३०/७० मिश्रणात, औषध बारीक कणांच्या रूपात असतं. गोठल्यावर त्या कणांचे गुठळे होतात आणि मग १० युनिटांत खरोखर किती औषध आलं ते देवाला ठाऊक. पेनमधल्या काचेच्या कार्ट्रिजला, म्हणजे औषध भरलेल्या नळीला, बारीक तडा जाऊ शकतो, पेनचं डोस मोजणारं यंत्र बिघडू शकतं. आणि यातलं सर्वांत वाईट म्हणजे पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं इन्सुलिन गोठून वितळलं की पुन्हा स्वच्छच दिसू शकतं. डोळ्यांना पत्ता लागत नाही. म्हणून नियमाला पळवाट नाही: गोठलं असेल, किंवा गोठल्याची दाट शंका असेल, तर ते वापरायचं नाही, किंमत कितीही असो.

आता फ्रिज.

न उघडलेलं औषध २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवा, असं प्रत्येक पत्रक सांगतं. पण घरचा फ्रिज म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे. २०१८ साली बर्लिनला युरोपातल्या मधुमेहतज्ज्ञांच्या परिषदेत एक पाहणी मांडली गेली. अमेरिका आणि युरोपातल्या ३८८ जणांच्या इन्सुलिनशेजारी तापमान मोजणारे छोटे सेन्सर ठेवले होते. फ्रिजमधलं इन्सुलिन दिवसाला सरासरी अडीच तास ठरलेल्या मर्यादेबाहेर होतं, आणि साधारण सहापैकी एका सेन्सरनं शून्याखालचं तापमान नोंदवलं. हे त्यांच्याकडच्या फ्रिजचं. आपल्याकडे व्होल्टेज वर-खाली होतं, दार दिवसभर उघडझाप होतं, आणि घरात अजून जुना एका दाराचा फ्रिज असतो, ज्याच्या मागच्या भिंतीवर बर्फाचा थर साचतो.

त्या एका दाराच्या फ्रिजचं आतून नीट निरीक्षण करा. वर फ्रीझरचा डबा, त्याखाली एक सपाट ट्रे. लोक त्यात दुधाची पिशवी ठेवतात आणि सकाळी ती कडेनं गोठलेली निघते. दूध जिथे गोठतं तिथे इन्सुलिनही गोठणार. मागच्या भिंतीला टेकवलेली भाजी काळी पडून कडक होते. ती जागाही बाद. दोन दारांच्या, बर्फ न जमणाऱ्या फ्रिजमध्ये फ्रीझरमधली थंड हवा मागच्या बाजूच्या झरोक्यांतून खाली सोडली जाते. त्या झरोक्यासमोर ठेवलेला डबा बाकीच्या फ्रिजपेक्षा कितीतरी गार होतो. मग उरली जागा मधल्या कप्प्याची, पुढच्या बाजूला. औषध त्याच्या कागदी पेटीतच राहू द्या, आणि ती पेटी झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात. डब्यामुळे दार उघडल्यावर येणारा गरम झोत आणि मागून येणारा गार झोत, दोन्ही थोडे बोथट होतात, शिवाय नातवंडांच्या हाताला ते सहज लागत नाही.

दारातल्या कप्प्याबद्दल मतं दोन आहेत. दारात तापमान सतत वर-खाली होतं, म्हणून पाश्चात्त्य सल्ल्यात दार नको म्हणतात, आणि आपले बरेच डॉक्टर दारातच ठेवा म्हणतात. मला डॉक्टरांचं कारण पटतं: फ्रिज जुना असेल, मागे बर्फ साचत असेल, तर दारात औषध १२-१३ अंशांपर्यंत गेलेलं परवडलं, मागे गोठलेलं परवडत नाही. फ्रिज धड असेल तर मधला कप्पाच बरा.

फ्रिजच्या आत एक गोल बटण असतं, १ ते ५ किंवा १ ते ७ आकडे असलेलं. मोठा आकडा म्हणजे जास्त गार, अंशांशी त्याचा संबंध नाही. मे महिन्यात ते बटण शेवटच्या आकड्यावर नेलं जातं आणि डिसेंबरात तसंच राहतं. बाहेर थंडी, आत बटण जोरावर, आणि मग डबे गोठायला लागतात. इन्सुलिन उन्हाळ्यापेक्षा थंडीतच फ्रिजमध्ये जास्त गोठत असावं, असा माझा अंदाज आहे. ऑनलाइन किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात स्वस्तात डिजिटल थर्मामीटर मिळतो, लांब वायर आणि टोकाला सेन्सर असलेला. सेन्सर पाण्यानं भरलेल्या छोट्या बाटलीत बुडवून औषधाच्या डब्याशेजारी ठेवा. हवेचं तापमान दार उघडलं की उडी मारतं, पाण्याचं सावकाश बदलतं, आणि औषधही द्रवच आहे. कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा लक्षात ठेवणारा थर्मामीटर मिळाला तर उत्तम. रात्री काय झालं ते सकाळी कळतं.

लाइट गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरून ठेवतो, आणि त्यानंतरही आतलं तापमान हळूहळूच वर येतं. रात्रभरात १५-२० अंशांपर्यंत आलं तरी औषध मेलेलं नसतं; त्याचे थोडे दिवस खर्च झालेले असतात, बस. घाबरून ते फ्रीझरमध्ये हलवणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

दिवस खर्च होणं म्हणजे काय, ते आता. पेन किंवा बाटली पहिल्यांदा टोचली, किंवा फ्रिजमधून बाहेर काढून घरच्या तापमानाला ठेवली, की मुदत मोजायला लागायचं. बहुतेक इन्सुलिनसाठी ही मुदत २८ दिवस आणि वरची मर्यादा ३० अंश (काहींची २५). पण सरसकट २८ धरू नका. डेग्लुडेकसारख्या काही लांब पल्ल्याच्या इन्सुलिनला ८ आठवडे मिळतात, आणि काही पेनांना त्याहून खूपच कमी. ओझेम्पिक या सेमाग्लुटाइडच्या पेनला पहिल्या डोसनंतर ५६ दिवस, त्याच जातीच्या लिराग्लुटाइडच्या व्हिक्टोझा पेनला ३०, डुलाग्लुटाइडला फ्रिजबाहेर १४. टिर्झेपाटाइडच्या एका डोसच्या बाटलीला फ्रिजबाहेर २१ दिवस. टेरिपॅराटाइड तर वापरात असतानाही फ्रिजमध्येच ठेवायचं असतं. काढलं, टोचलं, परत ठेवलं, आणि २८ दिवसांनी आत औषध उरलं असलं तरी टाकून द्यायचं. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या पत्रकांतही फरक असतो. म्हणून शेवटचा शब्द तुमच्या पेटीतल्या पत्रकाचा.

मुदत नुसती गरमीमुळे नसते. रबराच्या बुचात रोज सुई जाते, दरवेळी जंतू आत जाण्याची शक्यता असते, आणि त्यांना रोखणारं रसायनही अमर नसतं. त्यामुळे चालू बाटली सतत फ्रिजमध्ये ठेवली म्हणून तिची मुदत दुप्पट होत नाही.

यात एक हिशोब लोक करत नाहीत. आपल्याकडे मिळणाऱ्या ४० युनिटच्या (म्हणजे दर मिलिलिटरला ४० युनिटं) १० मिलिलिटर बाटलीत ४०० युनिटं असतात. रोज १० युनिटं घेणाऱ्याला ती ४० दिवस पुरते, म्हणजे २८ दिवसांची मुदत असेल तर शेवटचे १२ दिवस तो मुदत संपलेलं इन्सुलिन टोचतोय. मग शुगर वर जाते, डॉक्टर डोस वाढवतात, नवीन बाटली उघडली की वाढवलेला डोस अंगावर येतो आणि घाम फुटून शुगर खाली येते. डोस लहान असेल तर ३ मिलिलिटरची कार्ट्रिज घेणं शहाणपणाचं. बाटलीवर किंवा पेनवर औषधाचं नाव आणि मुदत झाकली जाणार नाही अशा जागी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि उघडल्याची तारीख लिहा. बॉलपेननं लिहिलेली पुसते, मार्करनं लिहा.

चालू पेन फ्रिजमध्ये ठेवायची सहसा गरज नसते, काहींच्या पत्रकात तर ठेवू नये असंच लिहिलेलं असतं. गार औषध टोचताना जास्त चुणचुणतंही. पण ही पत्रकं लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ब्रह्मपुरीची मे महिन्यातली खोली नसावी. घरातली जागा ३० अंशांच्या खाली राहतच नसेल तर चालू औषधही मधल्या कप्प्यात ठेवलेलं बरं, सुई काढून, आणि टोचण्याआधी अर्धा तास बाहेर. गरम पाण्यात बुडवून कोमट करण्याच्या फंदात पडू नका. सुई लावून ठेवलेलं पेन तापमान बदललं की बाहेरची हवा आत ओढतं नाहीतर औषध गाळतं, म्हणून दरवेळी सुई काढायची.

आणि फ्रिजच नसेल तर? माठ. यात हसण्यासारखं काही नाही. मातीच्या भांड्यातून पाझरणारं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, हे भौतिकशास्त्र चोख आहे. रुंद तोंडाच्या माठाच्या तळाशी ओली वाळू घाला, त्यावर झाकणाचा कोरडा डबा, डब्यात औषध. माठाच्या तोंडावर ओलं फडकं. माठ सावलीत, वारा येईल अशा जागी, शक्यतो तिवईवर. औषध पाण्यात भिजता कामा नये.

पण माठाचा गुण हवेच्या कोरडेपणावर अवलंबून असतो. नागपुरात ४२ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल तर बाष्पीभवनानं गारवा खाली खेचता येतो तो जास्तीत जास्त सुमारे २२ अंशांपर्यंत. प्रत्यक्ष माठ तिथवर पोचत नाही, पण खोलीपेक्षा बराच गार राहतो. रत्नागिरीत ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर हीच मर्यादा २९ अंशांवर येते. म्हणजे कोकणात, मुंबईत, गोव्यात माठानं फार काही साधत नाही; तिथे गरमी कमी असली तरी घामासारखंच माठाचं पाणीही वाळत नाही. पाण्यात भिजवून वापरायच्या ज्या कापडी इन्सुलिन पिशव्या मिळतात, त्याही याच तत्त्वावर चालतात, त्यामुळे त्यांनाही हाच नियम.

माठाचा गारवा २ ते ८ अंश नव्हे, हे मान्य. पण त्यानं फारसं बिघडत नाही असं सांगणारा पुरावा आता आहे. केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीत दिवसभरात २५ ते ३७ अंशांमध्ये तापमान झुलतं. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी तसाच चढउतार प्रयोगशाळेत उभा करून चार आठवडे इन्सुलिन तपासलं. २०२१ साली छापलेला त्यांचा निष्कर्ष असा, की थंड ठेवलेल्या इन्सुलिनशी तुलना करता त्याच्या ताकदीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पुढे २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, असंच दिसलं: न उघडलेलं काही प्रकारचं मानवी इन्सुलिन २५ अंशांपर्यंत सहा महिने आणि ३७ अंशांपर्यंत दोन महिने टिकतं. फ्रिज नसलेल्या घरातल्या माणसानं निदान अपराधी वाटून घेऊ नये, एवढा दिलासा यातून मिळतो. मात्र हे मानवी इन्सुलिनपुरतं आहे. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड यांना हाच हिशोब लावू नका, आणि फ्रिज असताना त्यातून औषध बाहेर काढायचं कारण म्हणून तर मुळीच नको.

खराब औषध ओळखायचं कसं? स्वच्छ असायला हवं ते गढूळ दिसलं, पिवळसर झालं, आत धागे किंवा कण तरंगताना दिसले, तर बाद. दुधी इन्सुलिन दोन तळव्यांत दहा वेळा हलकेच फिरवून आणि दहा वेळा उलटसुलट करूनही एकसारखं होत नसेल, तळाशी गुठळ्या राहत असतील, काचेला आतून भुरभुर चिकटल्यासारखी दिसत असेल, तर तेही बाद. मात्र दिसायला ठीक म्हणजे ठीकच, असं नाही. खाणं तेच, डोस तोच, ताप-जंतुसंसर्ग काही नाही, आणि तरी शुगर दोन-तीन दिवस चढतीच असेल तर पेनवर संशय घ्या आणि नवीन पेन उघडून बघा. डोस मनानं वाढवू नका. टाइप वन मधुमेहाच्या मुलांच्या बाबतीत दोन-तीन दिवस थांबायचं नाही. उलट्या, पोटदुखी, दमल्यासारखा श्वास दिसला तर थेट दवाखाना.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं, तसा प्रसंग आला, लाइट नाही, दुकानं बंद, आणि हातात फक्त तापलेलं इन्सुलिन, तर? तर तेच घ्यायचं. थोडी ताकद गेलेलं इन्सुलिन अजिबात इन्सुलिन नसण्यापेक्षा कितीतरी बरं. शुगर जास्त वेळा तपासायची आणि नवीन मिळालं की लगेच बदलायचं. अमेरिकेत चक्रीवादळांच्या वेळी तिथलं औषध प्रशासनही हाच सल्ला देतं. पुराच्या पाण्यात बुडालेली बाटली मात्र नको.

नवीन औषधांबद्दल थोडं. टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये मौंजारो या नावानं भारतात आलं, आधी एका डोसच्या बाटलीत, मग चार आठवड्यांचे चार डोस असलेल्या पेनमध्ये. त्या पेनला पहिल्या डोसनंतर ३० दिवसच मिळतात. चार डोस आठवड्याच्या अंतरानं घेतले तर २१ दिवसांत संपतात. मळमळ होते म्हणून दोन आठवडे खाडा केला की शेवटचा डोस मुदतीबाहेर जातो. हजारो रुपयांचं पेन आहे, म्हणून जपून वापरावंसं वाटतं, ते कळतं. पण या औषधात तसं चालत नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा जिममधल्या कुणाकडून 'पेप्टाइड'ची पावडर घेऊन घरी पाणी घालून टोचणाऱ्यांना साठवणुकीचा सल्ला मी देत नाही. कोरडी पावडर टिकते, पाणी घातल्यावर किती टिकेल ते आत काय आहे यावर ठरतं, आणि आत काय आहे हेच तर माहीत नसतं. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२४ मध्ये इशारा दिला होता, तो तर नीट पेटीबंद, नावाजलेल्या ब्रँडसारख्याच दिसणाऱ्या मालाबद्दल होता.

आता प्रवास. बर्फ कसा हाताळायचा हे शिकायचं असेल तर गावातल्या एएनएम ताईंकडे, म्हणजे आरोग्य केंद्राच्या नर्सकडे बघा. लसीकरणाच्या दिवशी त्या आइसपॅक फ्रीझरमधून काढून लगेच डब्यात भरत नाहीत. वर पाण्याचे थेंब येईपर्यंत, हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज येईपर्यंत बाहेर ठेवतात, मग भरतात. कारण हिपॅटायटिस बी, त्रिगुणी यांसारख्या लसी गोठल्या की वाया जातात. इन्सुलिनला हीच रीत लावा. जेलचा पॅक फ्रीझरमधून काढल्यावर घाम सुटू द्या, जाड नॅपकिनात गुंडाळा, मध्ये पुठ्ठा ठेवा, मग औषध. मेडिकलवाल्यानं बर्फाच्या खड्यांच्या पिशवीत पेन तसंच टाकून दिलं तर घेऊ नका, कागदात गुंडाळून मागा. घरपोच आलेल्या पार्सलात औषध गोठलेल्या पॅकला चिकटलेलं असेल तर फोटो काढून परत करा.

लहान प्रवासाला थर्मासही पुरतो. रुंद तोंडाचा घ्या, आधी फ्रिजचं पाणी घालून आतून गार करा, पाणी ओता, पुन्हा गार पाणी भरा आणि पेन घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आत सोडा. बर्फाचे खडे टाकू नका.

आणि खरं सांगायचं तर पुष्कळ प्रवासांत एवढं काही लागतच नाही. जून-जुलैत पालखीबरोबर आळंदीहून निघालेली आजी तीन आठवड्यांच्या आत पंढरपुरात पोचते. निघताना नवीन पेन उघडलं तर २८ दिवसांची मुदत वारीला पुरून उरते, आणि पावसाळी हवेत पिशवीतल्या मधल्या कपड्यांच्या घडीत ते बहुधा तिशीच्या आतच राहतं. अट इतकीच, की पिशवी ट्रकच्या टपावर उन्हात जायला नको, आणि एक जास्तीचं पेन बरोबरच्या दुसऱ्या माणसाकडे असावं. ते दुसरंही त्याच दिवसापासून मोजायचं, उघडलेलं नसलं तरी.

एसटी आणि रेल्वेत औषध अंगाजवळच्या बॅगेत ठेवा, खिडकीशेजारच्या हुकावर लटकवू नका. गाडीनं जाणाऱ्यांनी एक गोष्ट पाळावी: जेवायला ढाब्यावर उतरताना औषध बरोबर घ्या. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत तापमान पन्नाशी सहज ओलांडतं, आणि डॅशबोर्डचा कप्पा त्यातही सर्वांत वाईट. लडाखला किंवा केदारनाथला नेमकं उलट करायचं. पेन जॅकेटच्या आत, अंगाच्या उबेत. रात्री तंबूत पांघरुणाच्या आत. ग्लुकोमीटरही तसाच आत, थंडीत तो काम करत नाही.

विमानात औषध हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत कधीच नाही. खालच्या कप्प्यात थंडी किती पडेल सांगता येत नाही, आणि बॅग भलत्याच शहरात गेली तर काय करणार. मूळ पेटी, मेडिकलचं बिल आणि डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी बरोबर असली की सुरक्षा तपासणीत अडत नाही. १०० मिलिलिटरची मर्यादा औषधांना लागू होत नाही, पण जेल पॅकबद्दल विचारतात, म्हणून औषध आणि पॅक एकत्रच, वर काढून दाखवता येईल असं ठेवा. बॅगेच्या एक्स-रेनं इन्सुलिनला काही होत नाही. हवाई सुंदरीला औषध फ्रिजमध्ये ठेवायला देऊ नका; तिथे ते कोरड्या बर्फाशेजारी (ड्राय आइस) जाऊन गोठू शकतं, आणि उतरताना विसरण्याची खात्रीच.

मुलीकडे न्यू जर्सीला सहा महिने राहायला जाणारे आई-वडील सहा महिन्यांचा साठा घेऊन निघतात. घरातून घरापर्यंतचा दीड दिवस वातानुकूलित विमानतळ आणि विमान यांतच जातो, तेवढ्यानं न उघडलेल्या औषधाचं बिघडत नाही. पोचल्यावर पहिल्यांदा फ्रिजमध्ये, आणि तो दीड दिवस बाहेरच्या मुदतीत धरायचा. काही औषधांच्या पत्रकात एकदा बाहेर काढल्यावर परत फ्रिजमध्ये ठेवू नका असं असतं, ते निघण्यापूर्वी वाचून ठेवा. तिकडच्या मोठ्या फ्रिजमध्येही मागचा झरोका असतोच. आणि बाटलीतलं ४० युनिटचं इन्सुलिन नेत असाल तर लाल झाकणाच्या सिरिंजाही इथूनच पुरेशा घ्या. तिकडे माणसांसाठी १०० युनिटच्या, नारिंगी झाकणाच्या सिरिंजा मिळतात, आणि त्यावर १० च्या खुणेपर्यंत ओढलेलं आपलं इन्सुलिन भरतं फक्त ४ युनिटं.